पिकअपला पाइपचा हौदा: खर्च किलोवर, तोटाही किलोवर

ओतूरजवळच्या एका वाचकाने पत्रासोबत फॅब्रिकेटरने वहीच्या कागदावर काढून दिलेला आराखडाही पाठवला आहे. सहा वर्षांची पिकअप, बँकेचे नऊ हप्ते बाकी. कंपनीचा हौदा, म्हणजे मागचा माल भरायचा भाग, तळातून कुजलाय, कोपऱ्यात बोट जाईल एवढी भोकं. तो उतरवून चौकोनी पाइपच्या सांगाड्याचा नवा हौदा बांधायचा, वर जाळी, त्यावर ताडपत्री. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावला क्रेट, एरवी माळशेजमार्गे कल्याणला मेथी-कोथिंबीर. खर्च ८८,००० रुपये, आणि त्यासाठी आईच्या नावावरची १,२०,००० ची मुदत ठेव मोडायची. प्रश्न एका ओळीचा आहे: "मोडू का?"

मोडू नका. पण हौद्याचं काम टाळूही नका. काम वेगळं करा.

तुमचा आराखडा मी कॅल्क्युलेटर घेऊन बघितला. ४० बाय ४० चा, २ मिलिमीटर जाडीचा पाइप, सहा मीटरचे १४ नग. हा पाइप मीटरला साधारण २.४ किलो भरतो, म्हणजे ८४ मीटरचे २०० किलो. तळ नऊ फूट बाय साडेपाच फूट, त्यावर ३ मिलिमीटरचा चेकर पत्रा, तो ११५ किलो. फाळके (हौद्याच्या उघडणाऱ्या बाजू), बिजागऱ्या, कड्या मिळून ६० धरा. एकूण ३७५. फॅब्रिकेटरच्या अंदाजाने जुना हौदा २०० किलोचा. म्हणजे गाडी जागेवरच १७५ किलोंनी जड झाली, अजून एक जुडीही भरलेली नाही.

आता आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) काढा. तुम्हीच लिहिलंय: भारित वजन (माल आणि माणसं धरून कमाल) २,९९०, रिकामं वजन १,६९०. मधले १,३०० किलो ही तुमची रोजची कमाईची जागा, आणि त्यातूनच तुमचं आणि जोडीदाराचं मिळून १३० किलो जातं. उरले १,१७०. टोमॅटोचा भरलेला क्रेट २२ किलोचा धरला तर ५३ क्रेट. नवा हौदा बसल्यावर ४५. हे आठ क्रेट एकदाच जात नाहीत, गाडी विकेपर्यंत प्रत्येक खेपेला जातात.

तुम्ही ७५ क्रेट भरता, "सगळेच भरतात" असंही लिहिलंय. माहीत आहे मला. पण ती कमाई धरून मी हिशेब मांडणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. माल हौद्याच्या बाहेर किंवा मर्यादेपेक्षा उंच गेला तरी तेच २०,०००. पाटा (स्प्रिंगची पट्टी) वाढवून घेतला म्हणून आरसीवरचा आकडा वाढत नाही. घाटात ब्रेक लागायला वेळ लागतो तेव्हा पाटा मदतीला येत नाही.

कोथिंबिरीचं मात्र उलटं आहे. टोमॅटोत तुमचं वजन संपतं, कोथिंबिरीत जागा संपते. आज १,८०० जुड्या बसतात, जुडी ४०० ग्रॅमची धरली तर ७२० किलो. म्हणजे साडेचारशे किलोंची मुभा रिकामी जाते. वर जाळी हवी हा तुमचा विचार इथे अगदी बरोबर आहे, आणखी ८०० जुड्या, जुडीला रुपया भाडं. पण तुम्ही सगळ्या खेपा कोरड्या मालाच्या धरल्यात. पावसाळ्यात भिजलेली जुडी अर्ध्या किलोच्या खाली भरत नाही.

वर्षाला भाजीच्या ६० खेपा, त्यातल्या निम्म्या ओल्या, असं धरू. जड हौद्यात कोरड्या खेपेला ६८५ च्या आसपास जुड्या वाढतील आणि ओल्या खेपेला जेमतेम १९०. वर्षाचे झाले २६,२५०. त्यातून टोमॅटोच्या ९० खेपांना आठ क्रेट, क्रेटमागे १५ रुपये, म्हणजे १०,८०० वजा. हातात वर्षाला १५,४५०.

आणि खर्च ८८,००० नाही. फॅब्रिकेटरने १२ दिवस सांगितलेत. गाडी उभी राहिली की दिवसाला १,९०० बुडतात, हे तुमच्याच पत्रात आहे. ते २२,८०० धरून आकडा १,१०,८०० वर जातो. सात वर्षांहून जास्त लागतील वसूल व्हायला. तोवर गाडी १३ वर्षांची होईल. आठ वर्षांची झाली की तर तिला दरवर्षी पासिंगला उभं राहावं लागेल.

थोडं फॅब्रिकेटरबद्दल. माणूस लबाड आहे असं मला वाटत नाही. पण त्याचं कोटेशन बघा: ५२,५०० रुपये किलोमागे १४० च्या दराने, बाकी रंग १२,०००, ताडपत्री ९,०००, उतरवणं-बसवणं ८,५००, दिवे, वायरिंग आणि रिफ्लेक्टर पट्टी ६,०००. किलोवर पैसे घेणारा कारागीर हौदा हलका कशाला करील? जाड पाइप, जास्त आडवे दांडे, "एकदम टिकाऊ बनवतो दादा", आणि प्रत्येक जादा किलोचे पैसे त्याला, ओझं तुम्हाला. शिवाय जुना हौदा "तो ठेवून घेईल" असं तुम्ही ओघात लिहून गेलात. २०० किलो लोखंड आहे ते. भंगाराचा दर विचारा आणि बिलातून वळते करून घ्या.

आता कागद. २०१९ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोखही तोच. आरसीवर रिकामं वजन छापलेलं असतं आणि तुमचा नवा हौदा नेमका तोच आकडा खोटा ठरवतो. विनापरवाना बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२ए मध्ये आहे. तुमची गाडी एमएच १४ ची, तेव्हा पाइप कापण्याआधी पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयात आराखडा दाखवून लेखी उत्तर घ्या. एजंटाने फोनवर दिलेलं "होऊन जाईल" हे उत्तर नव्हे. आरसीवर बँकेचा बोजा आहे, म्हणून बँकेचीही लेखी संमती लागेल.

विम्याचं मला जास्त काळजीचं वाटतं. तुमची पॉलिसी ३,१०,००० ची, त्यात हा हौदा कुठेच नाही. उद्या घाटात गाडी कलंडली तर हौद्याचे पैसे मिळणार नाहीतच, पण विमा कंपनीच्या सर्व्हेअरने बदललेला सांगाडा पाहून सगळाच दावा अडकवला तर हप्ते तुम्हालाच भरायचे आहेत. आणि कच्च्या पावतीवर काम करून घेतलंत तर त्या सर्व्हेअरपुढे ठेवायला कागदही नसेल.

तुमच्या कर सल्लागाराने "बिल लावू, टॅक्स वाचेल" असं सांगितलंय. तुम्ही एका गाडीवर ठोक पद्धतीने, गाडीमागे महिना ७,५०० रुपये उत्पन्न दाखवून विवरण भरता, हे १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४४एई. त्यात खर्च आणि घसारा आधीच धरलेला असतो, वेगळं बिल लावायला जागा नसते. पक्कं बिल घ्या, पण विम्यासाठी.

मग करायचं काय? हौदा उतरवू नका. कुजलेला तळ कापून २ मिलिमीटरचा पत्रा घाला, तो ७२ किलो भरेल आणि जुना पत्रा निघाल्यामुळे वजन जवळपास तेवढंच राहील. वरच्या जाळीसाठी २५ बाय २५ चा, १.६ मिलिमीटरचा पाइप. मीटरला १.२ किलोच्या आत, ४० मीटर पुरतात, म्हणजे ४७ किलो. ही जाळी वेल्ड करायची नाही, हौद्याला नटबोल्टने लावायची, म्हणजे टोमॅटोच्या हंगामात घरी उतरवून ठेवता येईल. तरी तीसुद्धा आधी कार्यालयात दाखवा. जाळी उंच नको, कोथिंबिरीचे थर दबले की खालची जुडी काळी पडते हे मी तुम्हाला सांगायला नको.

कारागिराला किलोमागे १४० ऐवजी २०० द्या. चमकू नका. हलक्या पाइपला हात जास्त लागतो, पातळ पत्रा वेल्डिंगने जळतो, त्याला कौशल्य लागतं. ११९ किलोंचे २३,८०० झाले. रंग ५,०००, ताडपत्री ९,०००, कोपऱ्यांची डागडुजी ४,०००. एकूण ४१,८०० आणि चार दिवसांचा खाडा ७,६००, म्हणजे पन्नास हजारांच्या आत. यात कोरड्या खेपेला पूर्ण ८०० जुड्या वाढतात, ओल्या खेपेलाही ४४०. वर्षाचे ३७,२००. जाळी कधीच उतरवली नाही असं धरून टोमॅटोचे दोन क्रेट कमी, त्याचे २,७०० वजा करा. राहिले ३४,५००. दीड वर्षाच्या आत पैसे वसूल. हलका हौदा स्वस्त तर आहेच, कमावतोही जास्त. मीही आकडा दोनदा तपासला.

काम सुरू असताना तिथे उभे राहा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला लावा, नाहीतर इंजिनाचा कंट्रोल युनिट जायचा आणि तो खर्च ह्या सगळ्या हिशेबाच्या बाहेरचा. चासीला वेल्ड नाही, भोक नाही. पाइपची तोंडं बंद करा आणि खालच्या बाजूला बारीक भोक ठेवा, ओल्या भाजीचं पाणी आत साचलं की पाइप आतून गंजतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. फाळका खाली सोडून मागचे दिवे दिसतात का तेही बघा. माझ्या थोरल्या भावाने टेम्पोला फाळका बांधून घेतला होता, सुंदर, जाडजूड, आणि उघडला की दोन्ही टेललाइट झाकणारा. पहिल्याच आठवड्यात रात्री मागून दुचाकी येऊन धडकली. पोराचं मनगट मोडलं, त्यावरच निभावलं.

पैशाबद्दल. बचत खात्यात २२,००० आहेत म्हणता. त्यातले १२,००० वापरा, उरलेल्या दहा हजारांना हात लावू नका, टायर कधी फुटेल सांगता येत नाही. उरलेल्या ३०,००० साठी ठेव मोडायची नाही, ठेवीवर कर्ज घ्यायचं. ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जादा दराने बँका ते देतात. ९ टक्के धरले तरी ३०,००० चं आठ महिन्यांचं व्याज फार तर १,८००. मात्र ठेव आईच्या नावावर आहे. सही त्यांची लागेल, तेव्हा ती कशावर करतोय हे त्यांना आधी नीट सांगा. पत्रात त्यांना विचारल्याचा उल्लेख मला सापडला नाही. जाळीच्या जादा जुड्यांचं भाडं वेगळ्या डब्यात टाकत गेलात तर भाजीचा एक हंगाम संपेपर्यंत बहुतेक फिटेल, थोडं उरलं तर टोमॅटोतून.

पूर्ण पाइपचा हौदा हवाच असेल तर त्याचीही वेळ येईल. नऊ हप्ते संपू द्या. पुढची गाडी घेताना हौद्याशिवाय, नुसती केबिन आणि चासी असलेली पिकअप मिळते. नोंदणीआधी नियमाप्रमाणे हौदा बांधून घेतला की आरसीवर खरं वजन चढतं आणि विम्यातही हौदा धरला जातो. तेव्हा हाच आराखडा, पाइप जरा बारीक करून, पुन्हा पाठवा.

तोपर्यंत एक काम करा. येत्या खेपेआधी आळेफाट्याला रिकामी गाडी, टाकी भरलेली, वजनकाट्यावर घाला आणि पावती जपून ठेवा. सहा वर्षांत हौद्याला मारलेली ठिगळं, जादा पाटा, स्टेपनीची दुसरी रिंग, सगळं त्या आकड्यात येईल. तो १,६९० पेक्षा बराच वर गेला असेल तर वरचं सगळं गणित तेवढ्याने कमी करून मला कळवा.