दही लागेना, अन् सासूबाईंच्या रिपोर्टमधला 'आर'

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्याकडं देवणी गाय आहे. मागच्या महिन्यात तिची कास दगडासारखी झाली, डॉक्टरनी तीन दिवस इंजेक्शन दिले. दूध आम्ही वापरतच होतो, पण विरजण लावलं तर दही काही लागेना, दोनदा तसंच झालं. त्याच आठवड्यात सासूबाई एका लग्नात जेवून आल्या अन् जुलाब, ताप, लातूरला ॲडमिट करावं लागलं. संडासच्या रिपोर्टमधे साल्मोनेला नावाचा जंतू निघाला आणि चार औषधांपुढं 'आर' लिहिलंय, म्हणजे ते चालणार नाहीत म्हणे. पण त्यांनी तर तापाच्या गोळीशिवाय आयुष्यात काही घेतलेलं नाही, मग सवय लागली कशी? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : ताई, सासूबाई आता बऱ्या आहेत ना, तेवढं कळवा. औषधाला दाद न देणं हा जंतूचा गुण आहे, सासूबाईंच्या अंगाचा त्यात काही दोष नाही. आणि जंतूला तो गुण दरवेळी स्वतः कमवावा लागत नाही, बऱ्याचदा तो शेजाऱ्याकडून आयता मिळतो. सगळी गोम इथंच आहे बघा.

कितीतरी जंतूंच्या पोटात मुख्य डीएनएशिवाय एक छोटी गोल कडी असते, बांगडीसारखी, तिला प्लास्मिड म्हणतात. औषध निकामी करायची कला कधी कधी ह्या बांगडीवर लिहिलेली असते. दोन जंतू चिकटले की एकातून दुसऱ्यात तिची नक्कल जाते आणि देणाऱ्याचं काही कमी होत नाही, पणतीनं पणती लावतो ना, तसंच. बरं दोघं एकाच जातीचे पाहिजेत असंही नाही, आतड्यातला साधा ई. कोलाय ती साल्मोनेलाला देऊ शकतो. गाईचं, कोंबडीचं, माणसाचं आतडं, शेण, सांडपाणी, जिथं जंतूंची गर्दी तिथं ही देवाणघेवाण चालू असते.

आता चार औषधं एकदम का? जपानमधे १९५०च्या दशकात हगवणीच्या पेशंटमधे असेच शिगेला जंतू सापडायला लागले, सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन, चारही एकदम फेल. १९५९ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं की ही चारही बाबतीतली ताकद ई. कोलायकडून शिगेलात एकगठ्ठा जाते. कारण डीएनएचे काही तुकडे जागा सोडून उड्या मारतात, त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. (हे आधी मक्याच्या दाण्यांच्या रंगांवरून बार्बरा मॅक्लिंटॉक बाईंच्या लक्षात आलं होतं, त्यांना १९८३ला नोबेल मिळालं.) असा तुकडा औषध निकामी करायची कला सोबत घेऊन बांगडीवर उडी मारून बसतो, मग दुसरा येतो, तिसरा येतो, आणि इंटिग्रॉन नावाची एक जागा असते तिथं तर हे जनुक, म्हणजे एकेक कला लिहिलेले डीएनएचे तुकडे, माळेतल्या मण्यांसारखे ओवले जातात. मला सगळ्यात जास्त काळजी ह्याचीच वाटते, कारण मग तुम्ही त्यातलं एकच औषध वापरलं तरी अख्खी माळ टिकून राहते.

आता तुमच्या दह्याकडं येते. विरजणातले जंतू मेले म्हणून दही लागलं नाही, आणि ते मेले असणार दुधात उतरलेल्या अँटिबायोटिकनं. उकळल्यानं जंतू मरतात पण ही औषधं बऱ्याचदा पुरती मोडत नाहीत. असं थोडं थोडं औषध पोटात जात राहिलं की कच्चे जंतू मरतात आणि बांगडीवाल्यांना रान मोकळं. सासूबाईंचा साल्मोनेला तुमच्याच गाईचा होता असं मी म्हणणार नाही, तो पंगतीतूनच आला असेल, पण तो तयार होतो तो असाच कुठल्या तरी गोठ्यात नाहीतर पोल्ट्रीत. कोलिस्टिन हे अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध, त्याला दाद न देणारं जनुक प्लास्मिडवर बसलेलं २०१५ला चीनमधे डुकरांच्या जंतूंत सापडलं, अन् २०१९ला आपल्या सरकारनं जनावरांसाठी कोलिस्टिन बंदच केलं.

तर पुढच्या वेळी इंजेक्शन झालं की डॉक्टरांना सरळ विचारा, दूध किती दिवस वापरायचं नाही. प्रत्येक औषधाचे दिवस वेगळे असतात, बाटलीवर लिहिलेले असतात. तेवढे दिवस ते दूध घरात नको, डेअरीला नको, आणि वाया कशाला घालवायचं म्हणून वासराला तर मुळीच पाजू नका, त्याच्या आतड्यात हाच खेळ सुरू होतो.

प्रश्न : चिकन नळाखाली खळखळून धुतलं तर हे जंतू जातात का? (एक वाचक, जालना)

उत्तर : जात नाहीत दादा, उलट शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात. जंतू मरतात ते आतपर्यंत नीट शिजल्यावर, गुलाबी राहता कामा नये. आणि त्याच सुरीनं, त्याच पाटावर कोशिंबिरीची काकडी कापू नका, आधी दोन्ही साबणानं घासा, हात पण.