पुणे–गोवा किनाऱ्याने करायचंय? मग जाताना नाही, येताना करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून गोव्याला स्वतःच्या हॅचबॅकने जायचंय, बरोबर आई-बाबा आहेत, हायवे टाळून कोकण किनाऱ्याच्या आडवाटेने जायचंय, रस्ता कसा ठरवू आणि किती दिवस धरू?

दिवसांचं नंतर बोलू. आधी दिशा बदला. सगळे किनाऱ्याने गोव्याला जातात आणि दमून हायवेने परततात. तुम्ही उलटं करा. पहाटे निघून कोल्हापूर–आंबोलीमार्गे एका दिवसात गोवा गाठा आणि परतीला किनारा घ्या. दक्षिणेकडून उत्तरेला येताना समुद्र डाव्या हाताला राहतो, म्हणजे तुमच्याच लेनच्या बाजूला. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढावर थांबावंसं वाटलं तर गाडी सरळ डावीकडे घ्यायची, समोरून येणाऱ्या डंपरपुढून आडवी काढायची नाही. दुपारनंतरचं ऊनही डावीकडून येतं, ड्रायव्हरचा उजवा दंड भाजत नाही.

पण खरं कारण वेगळंच आहे. किनारा आणि मुंबई–गोवा हायवे हे शिडीचे दोन उभे बांबू समजा. मधले आडवे रस्ते म्हणजे पायऱ्या, आणि त्यातल्या बऱ्याच पुढे घाट चढून देशावर येतात. देवगडहून कंटाळलात तर फोंडा घाट आहे, रत्नागिरीहून आंबा, गुहागरहून चिपळूण–कुंभार्ली, श्रीवर्धनहून माणगाव–ताम्हिणी. आईची पाठ धरली, मुक्काम आवडला नाही, तर त्याच दिवशी घराकडे वळता येतं. जाताना ही सोय नसते, कारण गोव्याचं बुकिंग पुढे उभं असतं.

आता खाड्या. किनाऱ्याचा रस्ता सलग नाही, दर तीस-चाळीस किलोमीटरवर एखादी खाडी आडवी येते. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं स्वप्न बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाचं, म्हणजे 1980-82 चं. बऱ्याच खाड्यांवर पूल झालेत, काहींवर अजून फेरीबोटच. दक्षिणेकडून येताना तेरेखोल, जयगड–तवसाळ, धोपावे–दाभोळ आणि वेश्वी–बागमांडला या फेऱ्या लक्षात ठेवा. धोपावे–दाभोळ 2003 पासून चालू आहे. ती चुकली तर चिपळूण–खेड–दापोली असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा पडतो. म्हणून दिवसाचा आराखडा किलोमीटरवर नाही, फेरीच्या वेळेवर बांधा. आदल्या रात्री लॉजवाल्याला विचारा, त्याला शेवटची फेरी कधीची ते पाठ असतं. नकाशाच्या ॲपला नसतं.

फेरीवर गाडी कित्येकदा रिव्हर्सने चढवायला लावतात. मागे उभा पोरगा "येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, बास!" करत दोन गाड्यांत वीतभर जागा सोडून लावतो. त्यामुळे आई-बाबांना धक्क्यावरच उतरवा आणि चालत आत न्या. गाड्या लागल्या की मागचं दार उघडत नाही. आरसे मिटा, हँडब्रेक ओढा. ओहोटी फार खाली गेली असेल तर धक्क्याचा शेवाळलेला उतार उघडा पडतो आणि फेरीच्या फळीशी असा कोन होतो की हॅचबॅकचा बंपर घासतो. याला कोकणी माणसाचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. तिथून सहा तास पुढे ओहोटी. कालनिर्णय गाडीत टाका, हसू नका.

दिवस किती? सहा मुक्काम धरा, पाचांत ओढाताण होते. सरासरी वेग ताशी पंचवीस-तीसच पडतो, तेव्हा दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पुरेत.

केरीहून तेरेखोल ओलांडा (किल्ला नदीच्या उत्तरेला, तरी गोव्यात मोडतो, ही गंमत बाबांना दाखवा), मग रेडी, शिरोडा, वेंगुर्ला. पहिला मुक्काम तिथेच. परुळेमार्गे मालवण. मालवण–तारकर्लीला मी थांबणार नाही. जेट्स्कीची घरघर ऐकायला आडवाट कशाला? आचरा, मिठबाव करत कुणकेश्वर किंवा देवगडला राहा.

पुढचा देवगड–रत्नागिरी पट्टा मात्र घाईत काढू नका. विजयदुर्ग बघून 'पडेल कॅन्टीन' नावाच्या नाक्यावर परत या, वाघोटणची खाडी पुलावरून ओलांडा आणि जैतापूर–नाटे–आडिवरे–कशेळी असे निघा. इथे रस्ता सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून जातो: दोन्ही बाजूंना काळा पडलेला जांभा, मध्येच कुंपणाचे गडगे, आणि एका वळणावर अचानक खाली माडांचं आगर. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला भलाथोरला हत्ती आहे, त्याच्या पोटात इतर पशुपक्षी नि मासे. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सकाळी नाहीतर उन्हं कलल्यावर जा. भर दुपारी सावली नसते आणि रेघा दिसतच नाहीत. गावातलं कनकादित्याचं देऊळ आई-बाबांना आवडेल, लाकडी खांबांजवळ बसायला गारही असतं. रात्रीला पूर्णगड–पावसच्या बाजूला घरगुती सोय शोधा.

मग आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड (केशवसुतांचं घर), जयगडची फेरी, हेदवी, वेळणेश्वर आणि गुहागर. गुहागरला संध्याकाळच्या आत पोचा. दुसऱ्या दिवशी दाभोळ उतरून कोळथरे–लाडघरने हर्णै. तिथला मासळीचा लिलाव बघा आणि आंजर्ल्याला राहा. शेवटी केळशी, वेळास, फेरी, हरिहरेश्वर. वेळासला फेब्रुवारी–एप्रिलमध्ये कासवांची पिल्लं सोडतात, पण तेव्हा खोल्या आधीच भरतात. श्रीवर्धन ते दिवेआगर शेखाडीवरून जा, रस्ता समुद्राला इतका लगटून आहे की बाबा स्वतःहून "हळू घे" म्हणतील.

रस्ता नक्की गाडीजोगा आहे का, अशी शंका आली तर एकच प्रश्न विचारा: "इकडून एसटी जाते का?" जात असेल तर बिनधास्त घाला. ॲप दाखवतं तो "सहा मिनिटं वाचवणारा" रस्ता बऱ्याचदा कुणाच्या तरी आंबेबागेत संपतो. टाकी अर्धी झाली की भरा. वेंगुर्ला, देवगड, रत्नागिरी, गुहागर, दापोली, श्रीवर्धनला पंप मिळतील, मधल्या गावांत धरून चालू नका. रेंज जाते, म्हणून फेरीला आणि जेवणाला रोख ठेवा. खाणावळीत तासभर आधी फोन करून माणसं किती आणि मासे की शाकाहारी हे सांगा, नाहीतर भूक लागल्यावर बिस्किटांवर भागवाल. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका: दिवे नाहीत, आणि जांभ्याच्या रंगाची गुरं रस्त्यात बसलेली असतात.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, फेऱ्यांचाही भरवसा नसतो. शिमग्यात जायला मजा आहे, फक्त पालखी आडवी आली की अर्धा तास गेला समजायचं. गणपतीत जाऊ नका, तो रस्ता चाकरमान्यांचा.

खोली ठरवताना तळमजला आणि वेस्टर्न टॉयलेट हे दोन्ही फोनवर स्पष्ट विचारा. आणि दिवेआगरचा शेवटचा मुक्काम शनिवारी पडू देऊ नका. रविवारी संध्याकाळी अख्खं पुणे ताम्हिणीतून परतत असतं. मंगळवार-बुधवार पकडा, सकाळी नाश्ता करून निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी.