साइटवरून कोर्टात येताना

वकिलीची सनद नवी असली तरी बांधकामाच्या साइटवर लोखंडी गज बांधताना तुम्ही पाहिलेत, ती तुमची खरी ताकद. कोकणात गळती आणि गंज यांची प्रकरणं भरपूर येतील. आधी करारातलं स्पेसिफिकेशन (काम आणि मालाचा ठरलेला दर्जा) वाचा, मग काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६:२००० उघडा. किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला 'सिव्हिअर' (तीव्र हवामानाच्या) वर्गात किमान एम३० ताकदीचं काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर, म्हणजे गजावरचा काँक्रीटचा थर, लागतं. खाऱ्या पाण्याचे तुषार थेट उडत असतील तर ५० मिमी. कव्हर कमी पडलं की खाऱ्या हवेतलं क्लोराइड गजापर्यंत पोचतं, गंज फुगतो, स्लॅबचा खालचा थर सुटतो.

दुरुस्तीचा गिलावा चढण्याआधीच कव्हर मीटरची (थराची जाडी मोजणाऱ्या यंत्राची) मापं आणि कोअर (काँक्रीट कापून काढलेला नमुना) घ्या. नंतर पुरावाच उरत नाही! मात्र ही तपासणी स्वतंत्र इंजिनिअरकडूनच करून घ्या. तुम्हीच साक्षीदार झालात तर वकीलपत्र सोडावं लागेल.

फ्लॅटधारकांसाठी रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याचं, कलम १४(३) पाठ हवं: ताब्यापासून ५ वर्षांत दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करायची. म्हणून पहिली नोटीस लेखी आणि तारखेसह. ठेकेदाराच्या बिलाच्या वादात मात्र मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आधी मागा, तोंडी हिशोब नंतर.