उद्दिष्टांच्या रकान्यात पेन अडतं तेव्हा

बी.एड.च्या पहिल्या सराव पाठांच्या सुमारास छात्राध्यापकांकडून एक तक्रार हमखास येते: "आशय येतो, शिकवायची हौसही आहे, पण उद्दिष्टं लिहायला बसलं की काही सुचत नाही. मग वाटतं, हा पेशा आपला नाहीच."

एक छात्राध्यापिका हेच सांगता सांगता रडवेली झाली. तिचा घटक होता सातवीच्या विज्ञानातला उष्णता. टाचणवहीत, म्हणजे पाठाचं नियोजन लिहायच्या वहीत, ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, अभिरुची या मथळ्यांखाली वरच्या वर्गातल्या एका ताईच्या वहीतून उतरवलेली वाक्यं होती. पहिलंच वाक्य: 'विद्यार्थ्यांना उष्णता संक्रमणाचे ज्ञान होते.' खाली नुसती खाडाखोड.

मी तिला वही मिटायला सांगितली. "घटक संपल्यावर मुलाने काय केलं, म्हणजे तू म्हणशील की याला कळलं?"

ती चटकन म्हणाली, "मॅडम, गरम आमटीत स्टीलचा डाव राहिला तर दांडा चटका देतो, लाकडी डावाचा देत नाही. असं का, ते त्याने आपल्या शब्दांत सांगितलं तर."

"आणि?"

"उन्हात पाठ तापते ती वेगळ्या रीतीने, हे ओळखलं तर."

म्हणजे उद्दिष्टं तिच्याकडे होतीच! आम्ही तीच वहीत मांडली: 'विद्यार्थी स्टीलचा व लाकडी दांडा यांच्या तापण्यातील फरकाचे कारण सांगतो.' 'विद्यार्थी दिलेली उदाहरणे वहन, अभिसरण व प्रारण यांत वर्गीकृत करतो.' 'ज्ञान होते' हे वर्गात कुणालाच दिसत नाही. वर्गीकरण करणारं मूल दिसतं, आणि ते चुकलं तर नेमकं कुठे चुकलं तेही कळतं. पाठाच्या शेवटच्या मूल्यमापनाचे प्रश्नही याच वाक्यांतून निघाले, वेगळे शोधावे लागले नाहीत.

तिच्या भीतीचं खरं मूळ मात्र दुसरीकडे होतं. एका तासिकेत सगळे मथळे भरलेच पाहिजेत, असं तिने धरलं होतं. ज्ञान, आकलन, उपयोजन अशा पायऱ्यांचं, बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये मांडलेलं शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण महाविद्यालयीन परीक्षकांच्या कामातून आलं. परीक्षेतल्या प्रश्नांची आपसात देवाणघेवाण सोपी व्हावी, हा त्यामागचा एक हेतू होता. प्रत्येक पाठात सगळ्या पायऱ्या चढल्याच पाहिजेत, असा नियम त्यात नाही. एका तासिकेला दोन, फार तर तीन उद्दिष्टं पुरेत, असं माझं ठाम मत आहे. अभिरुची तर एका तासात मोजताच येत नाही. ती अख्ख्या घटकाच्या नियोजनात लिहावी.

"पण रकाना रिकामा दिसला तर गुण कापतील," ती म्हणाली. ही काळजी खरी आहे. म्हणून ठरलं ते असं: पाठाच्या आधीच टाचण घेऊन मार्गदर्शकांकडे जायचं, कोणतं उद्दिष्ट कोणत्या तासिकेत येणार ते घटक नियोजनावर बोट ठेवून दाखवायचं, आणि पाठाच्या टाचणात तेवढंच ठेवू का, असं सरळ विचारायचं.