होमस्कूलिंग: अभ्यासक्रमाचा कस कसा बघायचा?

ताई, आठ वर्षांच्या लेकीला शाळेऐवजी घरीच शिकवायचंय, तर अभ्यासक्रम कसा निवडायचा, असं विचारलंत ना? आधी अभ्यासक्रमाचे महागडे संच मागवू नका! नव्या पालकांचे पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात.

एकच धडा घ्या, अपूर्णांकांचा भागाकार, आणि तो बालभारती, एनसीईआरटी आणि सिंगापूर मॅथमध्ये (सिंगापूरच्या पद्धतीची गणिताची पुस्तकं) शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिल्या दोन्हींच्या पीडीएफ फुकट मिळतात. ३ ÷ १/२ = ६ हे पट्टी काढून पटवलंय, की नुसतं 'उलटा करा आणि गुणा'? सरावसंचातली शेवटची गणितं डोकं खाजवायला लावतात, की आकडे बदलून तीच? कस इथे कळतो. पुस्तकाच्या जाडीवरून नाही, 'एक इयत्ता पुढे' असल्या जाहिरातीवरून तर नाहीच.

बाकी नेहमीच्या चुका:
- वयावरून इयत्ता ठरवणं. आधी प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे मूल कोणत्या विषयात कुठल्या पातळीवर आहे ते बघणारी चाचणी, घ्या. गणित चौथीचं आणि वाचन सहावीचं असलं तरी बिघडत नाही.
- दोन महिन्यांत कंटाळून अभ्यासक्रम बदलणं. एक सत्र तरी द्या हो!

दहावी एनआयओएसमधून (केंद्राची मुक्त शाळा, घरून अभ्यास करून परीक्षा देता येते) की केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय मंडळातून, हे लेक आठ वर्षांची असताना ठरवत बसू नका. एनआयओएसच्या दहावीला किमान वय १४ लागतं. मराठीसाठी मात्र बालभारती आत्ताच सुरू करा.