राजदूत 350: उभी करायची की सुटी करायची?

भावा, तुझी जुनी राजदूत 350 मोटारसायकल दुरुस्त करून उभी करायची की सुटे भाग काढून द्यायची, असं विचारतोस. टाकीचा गंज बघून आत्ताच निर्णय घेऊ नकोस. पत्रा, रंग, क्रोम पैसे टाकले की होतं. आधी आरसी बुक काढ, चासी (गाडीचा सांगाडा) नंबर आणि इंजिन नंबर जुळतात का ते बघ.

मग इंजिन. गाडी सांगलीत 2019च्या महापुरात बुडाली होती म्हणतोस, म्हणजे क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या कवचात) गाळ आहेच असं धर. किक मारूच नकोस. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरव, बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) डिझेल ओत, दोन दिवस मुरू दे. मी घाईनं किक मारली आणि चांगल्या सिलिंडरवर नखाला लागेल असा ओरखडा पाडून घेतला. अजून जीव हळहळतो. मूळ बोअरचा व्यास 64 मिमी, आता कापून किती मोठा (ओव्हरसाइज) झालाय ते लेथवाल्याकडून मोजून घे. बोअर अजून वाढवायला वाव असेल आणि क्रँककेस फुटलेली नसेल, तर गाडी उभीच कर. असं 347 सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन परत कुठं मिळायचं!

चासी वाकडी आणि वर केसही फुटलेली, तरच सुटी कर. कार्बोरेटर, मीटर, साइड पॅनल जपून काढ. ज्याची गाडी त्यावाचून अडलीये त्याला दे. पण आधी आरटीओत आरसी रद्द करून घे. चासी नंबरचा तुकडा कुणालाही विकायचा नाही.