वाचकांचे प्रश्न : कॅनडाला निघालेल्यांचं इंग्रजी

प्रश्न : उद्यमबागेत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर नऊ वर्षं काम केलंय. शाळा मराठी, पुढे आयटीआय. बायको नर्स, तिच्यामुळे दोघांनाही कॅनडाचं पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) मंजूर झालंय. चार महिन्यांनी निघायचंय. ड्रॉइंग वाचता येतं, पण इंग्रजी बोलायला गेलं की त-त-प-प होतं. इथेच स्पोकनचा क्लास लावू का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : ‘तीस दिवसांत फाडफाड’वाल्या क्लासात पैसे घालू नका. तिथे व्याकरणातले काळ घोकून घेतात; तुमचं अडणार आहे आकड्यांत.

कॅनडातल्या बऱ्याच मशीन शॉपमध्ये अजून इंच चालतो. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. तुमचे २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) म्हणजे पाऊण थाउहून किंचित जास्त. खरा घोळ ‘टेन्थ’ या शब्दात आहे. कारागीर ‘टू टेन्थ्स’ म्हणतो तेव्हा त्याला इंचाचा दहावा भाग नव्हे, दहाहजारावा भाग म्हणायचं असतं; दोन टेन्थ म्हणजे जेमतेम ५ मायक्रॉन. अपूर्णांकांना मात्र घाबरू नका. आपलं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा ‘थ्री एट्थ्स’ हे तीन सूत आणि ‘फाइव्ह सिक्स्टीन्थ्स’ हे अडीच सूत. ड्रॉइंग हातात आलं की आधी कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह बघा. वस्तूची दृश्यं कागदावर कशी मांडलीत, ते त्यावरून कळतं. उत्तर अमेरिकेत थर्ड अँगल पद्धत चालते, वरचं दृश्य वरच काढतात; फर्स्ट अँगलमध्ये ते खाली येतं. फर्स्ट अँगलच्या सवयीने वाचलंत तर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, आरशातल्यासारखा उलटा होईल.

उच्चारात दोन गोष्टींवर मेहनत घ्या. आपण बोलताना ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, म्हणून ‘स्लिप’ आणि ‘स्लीप’ एकच वाटतात. शिवाय आपण सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर देतो. ‘फिफ्टीन’मध्ये तो ‘टीन’वर हवा, ‘फिफ्टी’मध्ये पहिल्या ‘फिफ्’वर. शंका आली तर मान डोलवू नका, विचारा : ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?’ असं विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता जॉब रिजेक्ट होण्यात आहे.

रोज वीस मिनिटं पुरे. बायकोने दहा मापं इंग्रजीत वाचायची, तुम्ही न बघता लिहायची. मग एका जॉबचं सेटिंग, जॉ (जॉब पकडणारे जबडे) बांधण्यापासून पहिला पीस तपासेपर्यंत, आठ-दहा वाक्यांत मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज पहिले चार दिवस ऐकवत नाही, तिकडे लक्ष देऊ नका.

उरलेलं तिथे होईल. पीआर असलेल्या प्रौढांसाठी ‘लिंक’ हे इंग्रजीचे वर्ग सरकारी खर्चाने, मोफत चालतात. आधी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांची वेगवेगळी चाचणी होते आणि कॅनडाच्या बारा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर पातळी ठरते. चाचणीसाठी पाठांतर करून जाऊ नका. वरच्या वर्गात बसवलं तर तुमचेच हाल. वर्गात जागा मिळायला थांबावं लागू शकतं, म्हणून पोहोचताच नाव घाला.

रेझ्युमे दोन पानांच्या आत. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, धर्म, विवाहित की अविवाहित, शेवटचं ‘आय हिअरबाय डिक्लेअर’, सगळं काढा. त्या जागी मशीन, कंट्रोलर, धातू, टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) आणि मापनाची साधनं लिहा. ‘सीएनसी ऑपरेटर, नऊ वर्षं’ एवढ्याने काही कळत नाही. प्रोग्रॅम बदलता की फक्त बटण दाबता, हे कळलं पाहिजे. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे ‘बेळगावी’ झालं. जुन्या कागदांवर ‘बेळगाव’ असेल, तर रेझ्युमेत एकदाच दोन्ही नावं द्या. अनुभवाचं पत्र निघण्याआधीच लेटरहेडवर घ्या : तारखा, आठवड्याचे तास, कामाचं स्वरूप. नंतर कॅनडातून फोन करून ते मिळवणं म्हणजे डोकेदुखी.

मुलाखतीत ‘अडचण आली तेव्हा काय केलंत?’ हे हमखास विचारतात. आपल्या तोंडी ‘आम्ही केलं’ बसलेलं असतं. तिथे ‘आय’ म्हणा. बोअर (आतलं भोक) टेपर, म्हणजे निमुळता, येत होता, मी काय तपासलं, काय बदललं, नंतर माप किती आलं, एवढंच सांगा. आणि सुपरवायझरला ‘सर’ नको, पहिल्या नावाने हाक मारायची. जड जाईल, पण सवय होते.

प्रश्न : आई ५८ वर्षांची, सुपर व्हिसावर मुलाकडे टोरांटोला जातेय. तिलाही ‘लिंक’ वर्ग मिळेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. सुपर व्हिसा म्हणजे पाहुणेपण, तिथे हा वर्ग लागू नाही. सार्वजनिक ग्रंथालयांत इंग्रजी गप्पांचे गट भरतात, तिथे चौकशी करा. निघण्याआधी आईंना तीन गोष्टी पाठ करवा : आणीबाणीचा नंबर ९११, घरचा पत्ता आणि औषधांची नावं. तिथला पिनकोड सहा जागांचा असतो, अक्षर-अंक-अक्षर असा आळीपाळीने. तो मराठी अक्षरांत कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.